कॉलेजला निघालेली लेक आणि तिची प्रार्थना

आम्ही आंबिवली-मोहने भागातल्या ख्रिस्ती महिला मंडळातल्या बायका आज तुमच्याशी बोलायला आलो आहोत. विषय आहे कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या आध्यात्मिक जीवनाचा. कॉलेजांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे जे छोटे प्रार्थना-गट चालतात, त्यांच्याबद्दल जास्त बोलू. पण ऐकणाऱ्या सगळ्याच मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. तुमची लेक हरिपाठ म्हणणारी असो, बुद्धवंदना म्हणणारी असो की नमाज पढणारी असो, ती सतराव्या-अठराव्या वर्षी घरातून बाहेर पडते तेव्हा आईच्या पोटात जे कालवतं ते सगळीकडे सारखंच. म्हणून हे बोलणं सगळ्यांसाठीच आहे.

आधी आपल्या मुलांचा दिवस बघू या. आंबिवलीत पोरांना दहावीपर्यंत सगळं हाताशी असतं. शाळा जवळ, क्लास जवळ, चर्च किंवा देऊळ जवळ. मग अकरावीला किंवा तेरावीला कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली, नाही तर थेट ठाणे-मुंबई. सकाळी कसाऱ्याकडून येणारी लोकल भरूनच येते. ती चुकली की पुढची लवकर मिळत नाही. संध्याकाळी परत तीच कसरत. घरी आल्यावर जेवण, असाइनमेंट आणि मोबाईल. रविवारी सकाळी उपासनेला उठवायला जावं तर पोरगी म्हणते, "आई, एकच दिवस मिळतो झोपायला." ती खोटं बोलत नाही. आणि आता कित्येक मोठ्या परीक्षा रविवारीच असतात, त्यामुळे देवळातली जागा रिकामी दिसली की लगेच तिची श्रद्धा गेली असं समजू नये.

आपल्या भागाचं आणखी एक ओझं आहे. २००९ साली मोहन्याची एनआरसी कंपनी बंद पडली. हजारो कामगारांचे पगार आणि देणी अडकली. ज्या घरात तेव्हा पाळणा हलत होता, त्या घरातली मुलं आज कॉलेजात आहेत. बापाची नोकरी गेली, आईने शिवणकाम केलं, डबे केले, आणि सगळ्यांची नजर त्या एका मुलावर. "तू शिकलास की आपलं भलं होईल." हे वाक्य प्रेमाचंच आहे, पण सतरा वर्षांच्या खांद्यावर ते जड होतं. नापास झालेला पेपर मूल घरी सांगू शकत नाही. चर्चमध्येही सांगता येत नाही, कारण तिथे सगळे आईबाबांच्या ओळखीचे. अशा वेळी कॉलेजातच चार समवयस्क भेटले, ज्यांच्याजवळ खरं बोलता येतं आणि ज्यांच्याबरोबर दोन मिनिटं डोळे मिटता येतात, तर त्या मुलाला केवढा आधार मिळेल! विद्यार्थी-प्रार्थनागटांचं मोल इथे आहे.

हे गट काही आजकालचे नाहीत. १८९५ साली स्वीडनमधल्या वाडस्टेना गावी वेगवेगळ्या देशांतल्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटना एकत्र आल्या आणि त्यांचा जागतिक महासंघ झाला. त्यामागे जॉन मॉट हे अमेरिकन गृहस्थ होते. पुढे १९४६ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्या देशात १९१२ साली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट सुरू झाली. कॅथलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन १९२४ साली मद्रासला निघाली. १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली. प्रत्येकीची रीत वेगळी. कुणी समाजातल्या अन्यायावर जास्त बोलतं, कुणी बायबलच्या अभ्यासावर भर देतं. पण मूळ कल्पना एकच, की विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना सांभाळावं.

गट चालतो कसा, तेही सांगतो, कारण कित्येक आयांना वाटतं की तिथे काहीतरी गूढ चालतं. चारपाच जण, कधी आठदहा. दोन लेक्चरांच्या मधली सुट्टी किंवा कॉलेज सुटल्यावरचा अर्धा-पाऊण तास. एक गाणं, बायबलमधला एक उतारा. मग तीन साधे प्रश्न. इथे काय लिहिलं आहे? तेव्हाच्या लोकांना त्याचा अर्थ काय लागला असेल? आणि आज मी काय करायचं? प्रत्येकाने बोलायचं, उत्तर चुकलं तरी चालतं. शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना. कुणाचा व्हायवा आहे, कुणाचे बाबा दवाखान्यात आहेत, कुणाची फी भरायची राहिली आहे. वर्गातल्या इतर धर्मांच्या मैत्रिणीही कधी येऊन बसतात, कधी नुसत्या वडापाव खायला येतात. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि नसावंही.

तरी आईबापांना भीती वाटते. ती आजची नाही, तिला मराठी मुलखात पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपण ख्रिस्ती बायकांनीही नीट समजून घ्यायला हवा.

१८४३ साली मुंबईत मिशनच्या शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अजून मूलच होता, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले. कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून मोठा वाद पेटला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणाले, आणि त्यासाठी त्यांना स्वतःच्याच लोकांचा रोष सोसावा लागला. आज ही हकिगत वाचताना आम्हाला वाटतं की दोन्हीकडच्या मोठ्या माणसांच्या झगड्यात त्या पोराला काय वाटत होतं, हे फार थोड्यांनी विचारलं असेल. म्हणून आमचा पहिला नियम असा की अल्पवयीन मुलाच्या बाबतीत आईवडिलांच्या पाठीमागे काही करायचं नाही. अकरावी-बारावीची मुलं बहुतेक अठराच्या आतली असतात. गट कुठे बसतो, कोण घेतो, किती वाजता सुटतो हे घरी माहीत असलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. मुक्ती मिशनच्या रमाबाई आपल्याला माहीत असतात, पण कॉलेजातल्या रमाबाई फारशा कुणी सांगत नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस, पदरात लहानगी मनोरमा. त्याच वर्षी वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या, तिथे शिकल्या आणि संस्कृतही शिकवलं. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन हिला वाटे की रमाबाईंनी आता चर्च सांगेल ते मुकाट्याने मानावं. रमाबाई मानेनात. त्रैक्याबद्दल, चमत्कारांबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्या पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या हाती जायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र वेगळी वाट धरली. रमाबाईंच्या शंकांना त्या दटावत नसत. पुस्तकं देत, उलट प्रश्न विचारत, वेळ देत. हा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

आता बघा, इतके प्रश्न विचारणारी ही बाई श्रद्धेपासून लांब गेली का? नाही. तिने आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बसून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. साध्या, फारसं न शिकलेल्या बाईलाही ते कळावं, हा ध्यास. १९२२ साली त्या गेल्या, ते भाषांतर त्यानंतर छापून आलं. म्हणून कॉलेजातली लेक घरी येऊन विचारते, "आई, देव आहे तर माझ्या मैत्रिणीचा भाऊ का गेला?" किंवा "विज्ञानात असं शिकवतात, बायबलमध्ये तसं का?" तेव्हा तिला "सैतान तुझ्या मनात घालतोय" असं म्हणून गप्प करू नका. ती विचारते आहे म्हणजे तिचं नातं अजून जिवंत आहे. उत्तर येत नसेल तर "मला नाही येत गं, आपण पाळकांना विचारू" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

रमाबाईंचीच आणखी एक आठवण, या वेळी त्या स्वतः संस्था चालवत असतानाची. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात धर्म शिकवायचा नाही, असा शब्द दिलेला होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली रान उठलं. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कुणाचं किती बरोबर, यावर अजूनही वाद घालता येईल. पण त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, जिला आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो, तिथे चार वर्षं राहिली, शिकली, आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून हिंदू म्हणूनच संसाराला लागली. प्रेमाने दिलेला आसरा आणि धर्म बदलणं या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे बायांच्या आयुष्याकडे बघितलं की कळतं. मदत करायची ती माणसाला. त्या बदल्यात काही मागायचं नाही.

आपला कायदाही हेच सांगतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि आपला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. २८व्या कलमात म्हटलं आहे की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येणार नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे गटाला येणं हा मुलांचा हक्क आहे आणि न येणं हाही हक्कच. कॉलेजच्या आवारात बसायचं असेल तर प्राचार्यांना विचारून बसावं. नाही म्हणाले तर बाहेर कुणाच्या घरी बसावं. लपूनछपून नको.

आता थोडं कडू बोलतो. सगळेच गट चांगले असतात असं नाही. आमच्या ओळखीची एक मुलगी, सायन्सला होती. नाव सांगत नाही आणि गटाचंही सांगत नाही. हुशार, अबोल. पहिल्या वर्षी एका गटात जाऊ लागली, घरच्यांना आनंद झाला. मग बैठका रोजच्या झाल्या. परीक्षेच्या आठवड्यात तिला तीन दिवस उपास करायला सांगितलं. रात्री साडेनऊच्या गाडीने येऊ लागली. घरात कुणाशी बोलेना, कारण "घरचे आत्मिक नाहीत" असं तिच्या मनावर ठसवलं होतं. झोप उडाली, रडू येई. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तर तिला सांगण्यात आलं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. तिने गोळ्या बंद केल्या. पुढे तिची जी अवस्था झाली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्या आईने न ओरडता, न मारता तिला जवळ घेतलं, पुन्हा डॉक्टरांकडे नेलं, दोन सेमिस्टर घरी ठेवलं. आज ती बरी आहे, शिकते आहे आणि प्रार्थनाही करते, पण सावकाश, आपल्या चालीने.

या मुलीमुळे आम्ही बायकांनी बसून काही खुणा काढल्या. गट घरच्यांपासून लपवायला सांगतो का? एकच माणूस सगळं ठरवतो आणि त्याला कुणी प्रश्न विचारायचा नाही, असं आहे का? मुलीला एकटीला मोठ्या पुरुषाशी दार लावून बोलायला बोलावतात का? अभ्यास, परीक्षा, औषध यांना देवाच्या आड येणाऱ्या गोष्टी म्हणतात का? पॉकेटमनीचा हिशोब मागतात का? दुसऱ्यांच्या देवाधर्माची टिंगल करायला शिकवतात का? सोडून जाणाऱ्याशी सगळ्यांनी बोलणं टाकायचं, असं आहे का? यातली एक जरी गोष्ट दिसली तरी मुलाशी शांतपणे बोला आणि आपल्या पाळकांना किंवा फादरना सांगा.

प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही. लूक, ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आपण वाचतो, तो स्वतः वैद्य होता. मूल बरेच दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि उशीर न करता डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस नावाची सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्याबरोबर प्रार्थनाही करा, खुशाल करा.

मग चांगला गट कसा ओळखायचा? आम्ही दानिएलाची गोष्ट मुलांना सांगतो. दानिएल आणि त्याचे तीन मित्र परमुलखात, बाबेलला नेलेले विद्यार्थी होते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, भाषा परकी, विद्या परकी, नावंसुद्धा बदललेली. त्यांनी तो अभ्यास टाळला नाही, उलट मन लावून केला. राजाच्या ताटातलं अन्न मात्र नको म्हणाले. तेही भांडून नाही. अधिकाऱ्याला अदबीने म्हणाले, दहा दिवस आम्हाला भाजी आणि पाणी देऊन बघा. आणि एकटा दानिएल नव्हता, चौघं होते. चांगल्या गटात हेच दिसतं: अभ्यासात चोख, वागण्यात अदब, काही बाबतीत ठाम, आणि सोबतीला मित्र. गटात गेल्यापासून मूल कॉपी करायचं थांबलं, धाकट्या भावंडाला शिकवू लागलं, घरात भांडं उचलू लागलं, तर तो गट चांगला चालला आहे असं समजा.

मुलींसाठी खास एक गोष्ट. मार्था आणि मरीया या बहिणींची कथा आपण किती वेळा ऐकली आहे. मार्था स्वयंपाकात, मरीया प्रभूच्या पायांशी बसलेली. त्या काळी गुरूच्या पायांशी बसणं म्हणजे शिष्य होणं, शिकणं. पौलही गमलिएलाच्या पायांशी शिकला असं म्हणतात ते त्याच अर्थाने. म्हणजे येशूने एका बाईला विद्यार्थिनीची जागा दिली आणि ती तिच्याकडून काढून घ्यायला नकार दिला. आपल्या घरात मात्र मुलगा पुस्तक घेऊन बसला की "अभ्यास करतोय", आणि मुलगी बसली की "जरा कणीक मळून घे गं." कणीक मळू दे, पण दोघांनी मळू दे. आध्यात्मिक जीवनाची सुरुवात अशा ठिकाणीही होते.

आपण घरी काय करू शकतो? आमच्या मंडळाने थोड्याच गोष्टी ठरवल्या आहेत. रविवारी कोण आलं, कोण नाही, याची हजेरी चर्चच्या पायरीवर घ्यायची नाही. पोरगी दोन महिन्यांनी आली तरी पहिला प्रश्न "कशी आहेस?" हा असायचा. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळची कुटुंबप्रार्थना पाच मिनिटांत आटोपायची. लांबलचक प्रार्थनेत मुलाला टोमणे मारायचे नाहीत. "हे प्रभू, हिला सकाळी उठायची बुद्धी दे" अशी प्रार्थना देवापेक्षा मुलीलाच ऐकवलेली असते. गटातल्या पोरांना महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवायचं. साधा वरणभात चालतो. त्यांचे चेहरे आपल्याला माहीत होतात आणि त्यांना एक घर मिळतं. आणि शेवटचं, मराठीत वाचायचं. आपली पोरं इंग्रजी माध्यमातली, गटात हिंदी-इंग्रजी चालतं, शेजारी मल्याळी आणि तमिळ मैत्रिणी. ते सगळं छानच आहे. पण दुःखाच्या वेळी माणूस आईच्या भाषेत रडतं, तेव्हा त्या भाषेत देवाशी बोलताही आलं पाहिजे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घरात असू द्या. धाराशिवला २०२० साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हेही मुलांना सांगा.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट आठवा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांनी दुःखात, रागात आणि विचारात काढली, आणि आल्या त्या आपल्या पायांनी आल्या. श्रद्धा वारशाने मिळत नाही, नवऱ्याची बायकोला नाही आणि आईची लेकीलाही नाही. आपण दिवा लावून ठेवायचा. तिने तो कधी उचलायचा हे तिचं ती ठरवील.

येत्या जूनमध्ये ज्यांची मुलं पहिल्यांदा लोकलचा पास काढतील, त्या सगळ्या आयांनी हे एकदा मुलांशी बोलून घ्यावं, एवढीच विनंती. देव तुमच्या लेकरांना सुखरूप नेवो आणि सुखरूप आणो.